पाय देणारी हंसाबाय

घिवलीत कुणालाही खारवडीची वाट विचारा, तो आधी तुमच्या पायांकडे बघणार. पायात बूट दिसले की वाडीतली वाट दाखवणार आणि वर सांगणार, सावली आहे, बाकडी आहेत, जा आरामात. अनवाणी माणूस असला तर मात्र काही न बोलता समुद्राकडे हात करणार. हा नवसाचा माणूस, हे गावाला तेवढ्यावरून कळतं.

खारवडी तशी लहानशीच. पोर्तुगीज काळातलं एक चर्च, मागे कोटाची पडकी भिंत, पुढे दगडी कुरूस म्हणजे क्रूस, आणि एरवी दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही असा बाजाररस्ता. पण आतल्या मावलीच्या मूर्तीचं नाव मोठं. ती म्हणे एका मच्छीमाराच्या जाळ्यात सापडली. कुणाच्या, यावरून दोन गावांचं भांडण अजून चालू आहे, आणि ते मिटू नये असंच दोन्ही गावांना मनातून वाटतं, कारण जत्रेत तेवढीच करमणूक. चर्च ख्रिस्ती लोकांचं, पण मावली सगळ्यांची. घिवलीत घरोघर गणपती बसतो, देव्हाऱ्यात कुलदैवत असतं, आणि त्याच देव्हाऱ्याच्या कडेला खारवडीहून आणलेली अर्धी जळलेली मेणबत्ती असते. त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

आता घोळ असा, की मावलीचा सण येतो सप्टेंबरात. नारळी पुनवेला बोटी पाण्यात गेलेल्या असतात, धंद्याचे ऐन दिवस, आणि ज्यांनी नवस बोललेले ते बाप्ये सगळे समुद्रावर. मग नवस फेडायचा कोणी? बायकोने? आईने? तर तेही नाही. घरच्या माणसाचे पाय चालत नाहीत. घरचं माणूस कुरसापाशी पोचलं की फेडायचं राहतं बाजूला आणि पुन्हा काहीतरी मागत बसतं, असं जुन्या बायका सांगायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून बाहेरची बाई लागते. ज्याचा नवस त्याच्या उंबऱ्यावरून ती बाई अनवाणी निघते. निघाली की ते पाय तिचे राहत नाहीत, त्या माणसाचे होतात. वाटेत कुठेही बसायचं नाही. कुरसाला हात लावून सांगायचं की हे पाय अमक्याचे, आणि मेणबत्ती लावायची. मग पाय परत आपले. येताना रिक्षाने आलं तरी चालतं. त्याच घरी पाटावर बसून भात जेवायचा, मानाची साडी घ्यायची आणि आपल्या घरी जायचं. याला घिवलीत म्हणतात पाय देणं. आणि पाय देणारी म्हटलं की हंसाबाय.

हंसाबायने साठी कधीच ओलांडली. अंगाने काटकुळी, आवाज खणखणीत, आणि तोंड असं, की बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेणारं गिऱ्हाईक भाव करायला येतं आणि माफी मागून जातं. पण हे तोंड चालतं फक्त बाजारात. गावात तिला कुणी काही सांगितलं की तिच्या तोंडून नाही निघत नाही. तिथेच तर सगळं बिघडलं.

तिचा नवरा कमलाकांत बोटीवर गेला होता. बोट आली, कमलाकांत आला नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून तिने मावलीला काय काय सांगितलं होतं! चालत येईन, अनवाणी येईन, दरसाल येईन, खडकावरून येईन. सगळं सांगून झालं आणि नवरा आलाच नाही, तेव्हा फेडायचा प्रश्नच उरला नाही. पदरात निमेश होता. त्याला तिने बोटीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. तो बोईसरला कारखान्यात लागला. सून रुचिता तिथेच औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. घरातलं कुणी समुद्रावर नाही, म्हणजे घरात मागणं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी हे आधीच हेरलं होतं. कमलाकांत गेल्यावर पुढल्याच सणाला येऊन त्या तिला म्हणाल्या, तुला आता मागायचं काही राहिलं नाही, तू पाय दे.

आता काय बोलावं या बायकांना! नवरा गेलेल्या बाईला असं तोंडावर सांगतात का कुणी? पण हंसाबाय उठली आणि गेली. का गेली ते तिलाही कधी सांगता आलं नाही. घरात बसलं की समुद्राचा आवाज कानात यायचा, चालताना येत नव्हता, एवढंच ती म्हणायची.

मग दरसाल तेच. कुणाचं इंजिन बंद पडून बोट भरकटली होती, कुणाला पाण्यातला साप चावला होता, कुणी वादळात दोन रात्री काढल्या होत्या. सगळे सुखरूप आले आणि सगळ्यांसाठी हंसाबाय चालली. आणि चालायची ती किनाऱ्याच्या वाटेने. ओहोटीला काळे खडक उघडे पडतात, त्यांना कालवं चिकटलेली असतात, पाय टाकला की चिरा. खरं तर वाट कुठली धरायची असा काही नियम नव्हता. पण पहिल्या सालापासून ती त्याच वाटेने गेली आणि मग तोच नियम झाला. घरी आल्यावर हळद लावायची, दोन दिवस टाचेवर चालायची, तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन बोईसरला. बायका कौतुक करायच्या. हंसाबायचे पाय म्हणजे काय, मावलीच्या ओळखीचे! त्या पायांना काय होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला वाटी झिजलीय, खाली बसू नका, जास्त चालू नका. रुचिताने फर्मान काढलं की आई, आता पाय देणं बंद. हंसाबाय हो म्हणाली. सुनेलाही ती नाही म्हणत नाही.

त्याच सुमाराला खारवडीवाल्यांनी नवीन टूम काढली. चर्चची कमिटी आणि ग्रामपंचायत यांनी मिळून भोवतालच्या वाटांना नावं दिली, दगडांवर पिवळे बाण रंगवले आणि जागोजागी फलक लावले. सोपी चालवाट, ज्येष्ठांसाठी उत्तम. एक वाट मिठागरांच्या बांधावरून, पक्षी बघायला. एक कोटाच्या भिंतीला वळसा घालून. आणि सगळ्यांत सोपी ती वाडीतली, घिवलीच्या बाजूने चिकू-नारळांतून थेट कुरसापर्यंत. तिच्यावर कुणाकुणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटची बाकडी बसवली. मुंबईची माणसं रविवारी गाड्या लावून चालायला येऊ लागली. पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात. त्यातल्या एकाने हंसाबायला विचारलं होतं की आजी, ही वाट गोल फिरून निघाल्या जागी परत येते का? हंसाबाय म्हणाली, निघाल्या जागीच यायचं तर निघायचं कशाला बाबा? आणि नंतर आठवडाभर ती बाजारात हे सांगून हसत होती. चालण्यासाठी चालणारी माणसं तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

या साली सणाला तीन दिवस असताना शालू आली.

शालू म्हणजे दोन घरं सोडून पलीकडची. हंसाबायपेक्षा बरीच लहान. बाजारात दोघी शेजारी बसतात, एकमेकींच्या टोपल्या राखतात. कमलाकांत गेला तेव्हा शालू नवी सून होती, आणि महिनाभर हंसाबायची चूल तिने पेटवली होती. तिचा नवरा दमेकरी, तो घरी बसून जाळी दुरुस्त करतो. मुलगा चिराग गावातल्या दिनानाथच्या बोटीवर खलाशी. मागल्या थंडीत जाळं ओढताना चिराग पाण्यात पडला. अंधार, लाटा, आणि बोट पुढे निघून गेलेली. बऱ्याच वेळाने सापडला. घरी आला तेव्हा शालूने विचारलं, मावलीला हाक मारलीस ना? त्याने मान हलवली. म्हणजे नवस झाला. आता तो बोटीवर होता आणि नवस फेडायचा होता.

रुचिता दारातच उभी होती. तिने स्पष्ट सांगितलं, काकी, आईंना जमणार नाही. शालूने मान खाली घातली. म्हणाली, मला ठाऊक आहे ग, पण दुसऱ्या कुणाच्या पायांवर माझा भरवसा बसत नाही. झालं. हंसाबाय आतून म्हणाली, जाते मी.

सणाच्या सकाळी शालूच्या उंबऱ्यावरून ती निघाली. किनाऱ्यावर आली, ओहोटी होती, खडक उघडे होते. पहिल्याच खडकावर पाय टाकला आणि गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा तेच. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मग स्वतःलाच शिवी देऊन वळली आणि वाडीच्या वाटेला लागली.

इतक्या वर्षांत या वाटेने ती कधी आली नव्हती. पावसाने भिजलेली मऊ माती, चिकूची गार सावली, पायाला एक खडा लागत नाही. थोडं चालून झाल्यावर तिला आनंद व्हायचा तो राग आला. ही वाट इथेच होती? आपण तिकडे कालवांवर पाय फाडून घेत होतो तेव्हाही इथेच होती? मग कुणी बोललं का नाही? आणि आपण तरी का विचारलं नाही? असा राग यायला लागला की आवरत नाही. नवऱ्यावर आला, गावावर आला, त्या जुन्या म्हाताऱ्यांवर आला, ज्या आता जिवंतही नव्हत्या.

वाटेत आत्माराम भेटला, त्या वाडीचा मालक. वडिलांच्या नावाचं बाकडं झाडत होता. म्हणाला, ये हंसाबाय, बस जरा, तोंड बघ कसं झालंय. ती म्हणाली, बसता यायचं नाही, पाय शालूच्या पोराचे आहेत. आत्मारामने पाणी दिलं. ते उभ्याने पिऊन ती पुढे गेली.

पुढचं बाकडं नारळांच्या आड होतं. तिथे कुणी नव्हतं. आणि तिथे डावा गुडघा अडकला. पुढे जाईना, मागे येईना. हंसाबायने नारळाला धरलं. घाम डोळ्यांत जात होता. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ती बसली.

बसली म्हणजे काय, कोसळलीच. पण बसल्यावर जे सुख लागलं, ते कसं सांगावं! पाय लांब केले, पाठ टेकली, आणि तिला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. दरसाल त्या कुरसाला हात लावून लोकांची नावं घेताना आपल्या पोटात काय व्हायचं, ते तिला त्या बाकड्यावर पहिल्यांदा नीट कळलं. हा आला, तो आला, सगळे आले, मग माझाच का नाही आला? दरसाल हेच पोटात घेऊन ती चालत होती, आणि वर तोंडाने मावलीचे आभार मानत होती. त्याचा शीण चढला होता. गुडघे तर नुसते निमित्त. विचार करता करता तिचा डोळा लागला.

जागी झाली ती माणसांच्या बोलण्याने. बूटवाली मंडळी चालली होती. एक बाई हसून म्हणाली, छान जागा आहे ना आजी? हंसाबाय ताडकन उठली. चिरागचे पाय घेऊन आपण झोपलो, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पोरगा तर आत्ता समुद्रावर आहे.

कशीबशी ती खारवडीला पोचली. कुरसाभोवती गर्दी, मेणबत्त्यांचा धूर, बँडवाले. तिने दगडाला हात लावला. हे पाय चिरागचे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडेना. बसलेले पाय त्याचे म्हणून कसे सांगायचे? मागच्या माणसांनी ढकललं तशी ती बाजूला झाली. मेणबत्ती तशीच हातात राहिली. ती रिक्षात बसली आणि घिवलीला आली.

शालूने पाट मांडला होता, भात वाढला होता. बाजूला साडी. हंसाबाय दारातच उभी राहिली. खोटं बोलली असती तर कुणाला कळणार होतं? नारळांना? पण ज्या बाईने महिनाभर आपली चूल पेटवली तिच्या भाताला हात लावून खोटं बोलायचं, हे काही तिला जमलं नाही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. वाडीची वाट, गुडघा, बाकडं, झोपसुद्धा.

शालू हळू आवाजात म्हणाली, "तू बसलीस तवा माझा पोर कुठं व्हता, हंसाबाय?"

पाट तसाच राहिला. हंसाबाय घरी आली.

गावात कळायला किती वेळ लागतो! संध्याकाळपर्यंत विहिरीवर, बाजारात, मासळीच्या ओट्यावर तेच. कुणी म्हणालं, वय झालं बाईचं. कुणी म्हणालं, मग आधी सांगायचं होतं. शालू बाजारात आपली टोपली घेऊन दुसऱ्या ओळीत जाऊन बसली. रुचिता घरात भांडी आपटत होती. मी सांगत होते ना, असं ती बोलली नाही, पण भांडी तेच बोलत होती. हंसाबायला लोकांचं फारसं वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. चिराग आला पाहिजे.

आणि नेमका त्याच आठवड्यात हवामान खात्याचा इशारा आला. वारा सुटला, समुद्र काळा पडला. बोटी परत फिरल्या. एकेक करून लागू लागल्या. ज्यांच्या लागल्या त्या बायका घरी गेल्या. दिनानाथची बोट नव्हती. फोन लागत नव्हता. शालू किनाऱ्यावर बसली होती, भोवती चार बायका. हंसाबाय त्यांच्यात गेली नाही. लांब, बोंबील सुकत घालायच्या बांबूंच्या रिकाम्या वलांडीपाशी ती उभी राहिली. गुडघे ठणकत होते तरी बसली नाही. रुचिता खुर्ची घेऊन आली, तिला तिने हाताने परत पाठवलं. मावलीला काही सांगायची तर तिला धास्तीच वाटत होती. मागच्या वेळी असंच उभं राहून सगळं सांगितलं होतं.

ऊन कलल्यावर दिनानाथची बोट दिसली. दुसऱ्या एका बोटीला मदत करत राहिल्याने उशीर झाला होता, बाकी काही नाही. चिराग चिखलात उडी मारून उतरला, आईला भेटला, आणि जाळी उतरवायला लागला. हंसाबायने ते पाहिलं आणि ती मागे वळून घरी निघून गेली. त्या रात्री ती जेवलीही नाही, पडली ती थेट उजाडल्यावर उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिराग तिच्या दारात. खांदे रुंद, दाढी वाढलेली, डोळे समुद्राच्या वाऱ्याने लाल. येऊन पडवीत बसला. हंसाबायला वाटलं हा जाब विचारायला आलाय. तिने स्वतःहूनच सुरुवात केली, की बाबा, चुकलं माझं.

"काकी," तो म्हणाला, "मी नवस बोललोच नव्हतो."

मग त्याने सांगितलं. पाण्यात पडल्यावर त्याला कुठलाच देव आठवला नव्हता. जाळ्याचा एक तरंगता बोया हाताला लागला तो धरला, आणि डोक्यात फक्त एवढंच की हात सुटता कामा नये. ओढून वर घेतल्यावर तो झोपला. घरी आल्यावर आईने मावलीचं विचारलं तेव्हा अंगात त्राण नव्हतं. नाही म्हटलं असतं तर पुढे खूप बोलावं लागलं असतं. त्याने मान हलवली आणि पुन्हा झोपला.

हंसाबाय आधी भडकली. मेल्या, तुझ्या मानेपायी माझे उरलेले गुडघेही गेले, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, आणि तू आत्ता सांगतोस? तो ऐकत राहिला. बोलता बोलता तिचाच आवाज खाली आला. थकलेल्या माणसाची मान कशी हलते, हे तिला दुसऱ्याने सांगायला नको होतं. तिचीही आयुष्यभर तशीच हलली होती.

चिराग म्हणाला, आईला सांगून टाकतो, म्हणजे तुझ्यावरचा बोल जाईल. हंसाबायने त्याचा हात धरला.

"तुझी आय त्या एका होकारावर रातची झोपते," ती म्हणाली. "तो काढून घेऊ नको."

मग गाव तुला बोलतंय त्याचं काय, असं त्याने विचारलं. हंसाबाय म्हणाली, बोलू दे, आता कुणी पाय मागायला येणार नाही, तेवढंच बसायला मिळेल. हे ती हसत म्हणाली, पण हसू काही नीट उमटलं नाही. चिराग उठला आणि गेला.

समुद्र अजून खवळलेलाच होता, बोटी बांधलेल्या. दोन दिवसांनी सकाळीच चिराग अनवाणी तिच्या अंगणात उभा. म्हणाला, माझा नवस मी स्वतः फेडतो, आईला तसं सांगितलंय, तू फक्त सोबत चल. मला काय करायचंय तिथे, असं हंसाबाय म्हणाली. पण तिच्या तोंडून नाही निघत नाही हे त्याला ठाऊक होतं. रुचिताने तिच्या चपला पुढे आणून ठेवल्या.

वाडीच्या वाटेने दोघं गेली. सण होऊन गेलेला, वाट रिकामी. चिराग पुढे जायचा, बाकडं आलं की थांबायचा, तिला बसवायचा आणि स्वतः बाजूला उभा राहायचा. पहिल्या बाकड्यावर ती अवघडून बसली. नंतर नंतर सवय झाली. आत्मारामच्या वाडीत चिकूही खाल्ले.

खारवडीला कुरसापाशी कुणी नव्हतं. मेणाचे ओघळ तेवढे वाळून राहिलेले. चिरागने दगडाला हात लावला, आणि आईसाठी म्हणून, घाईघाईने म्हणून टाकलं की हे पाय माझेच. हंसाबायला वाटलं झालं, निघू. पण त्याने हात काढला नाही.

"मावली," तो म्हणाला, "ही हंसाकाकी. कमलाकांतची बायको. हिला आता सोड."

हंसाबायचा कानांवर विश्वास बसेना. इतक्या वर्षांत त्या दगडासमोर तिने गावातल्या निम्म्या बाप्यांची नावं घेतली होती. तिचं नाव तिथे कधी कुणी घेतलं नव्हतं, तिने स्वतःनेही नाही. ती एकदम चिडली.

"माझं नाव कशाला घेतोस रे? मी काय पाण्यात पडली व्हती?"

"व्हय," चिराग म्हणाला. "काका गेला तवाच पडलीस. कोनी वर काढलंच नाय तुला."

हंसाबायने कुरसाची पायरी हाताने चाचपली, चपला काढल्या आणि तिथेच खाली बसली. मग ती रडली. कमलाकांत गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती, तेव्हा निमेश लहान होता आणि चूल शालू पेटवत होती. समोरून पाठीवर पिशव्या घेतलेली चारसहा माणसं येत होती, ती बिचारी चालता चालता थांबली. चिरागला काय करावं सुचेना. तो तिच्या चपला हातात घेऊन बाजूला उभा राहिला, तिचं रडून होईपर्यंत.